शेजाऱ्यांच्या घरांतील फटी बुजवण्याचा उपक्रम : सुरुवात कोठून करावी?

चाफा_वूस्टर

मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरात आम्ही काही मराठी कुटुंबे एकाच परिसरात राहतो. या भागात ‘थ्री-डेकर’ म्हणून ओळखली जाणारी तीन मजली लाकडी घरे ओळीने उभी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १९३० पर्यंत ती मुख्यतः कारखान्यांतील कामगारांच्या कुटुंबांसाठी बांधली गेली. प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, पुढे-मागे सज्जे आणि खाली दगडी पायाचे तळघर अशी त्यांची रचना असते. घरे भक्कम आहेत, परंतु जानेवारीत वारा सुटला की बंद खिडकीजवळचा पडदा हलताना दिसतो. आमच्या शेजारी राहणाऱ्या एक वृद्ध बाई हिवाळ्यात दोन खोल्या बंद करून केवळ स्वयंपाकघरात वावरतात, कारण घर तापवण्याच्या तेलाचा खर्च त्यांच्या निवृत्तिवेतनाला झेपत नाही.

आमच्या मंडळाच्या बैठकीत असे ठरले की, गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्या मधले काही शनिवार आपण शेजाऱ्यांच्या घरांतील फटी बुजवण्यासाठी द्यावेत. शेजारी मराठीच असावेत अशी अट अर्थातच नाही. किंबहुना ज्यांना गरज आहे ते बहुतेक अमराठीच आहेत. माणसे आहेत, थोडा निधी आहे, पण अशा कामाचा अनुभव कोणालाच नाही. खिडक्यांना प्लास्टिकचा पातळ पडदा लावणे आणि दारांच्या कडांना फोमच्या पट्ट्या चिकटवणे, यापलीकडे अननुभवी माणसांनी काय करावे? इंधनाची बचत खरोखर कोठे होते? आणि कोणत्या गोष्टींना आपण हातही लावू नये? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओसरी

मी याच राज्यात घरांच्या ऊर्जा-परीक्षणाचे काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण खिडक्यांपासून सुरुवात करणार असाल, तर तो क्रम उलटा करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. खिडकीतून येणारा वारा अंगाला लागतो म्हणून तो आधी जाणवतो. परंतु घरातील उबदार हवेची मोठी गळती माळ्याच्या जमिनीतून होते आणि तिची जागा घेणारी थंड हवा तळघरातून आत शिरते. उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि छताजवळच्या भोकांतून निसटते. जेवढी निसटली तेवढीच बाहेरची हवा खालून ओढली जाते. आत २० अंश सेल्सिअस आणि बाहेर उणे ५ अंश असेल, तर तीन मजली घराच्या तळापासून माथ्यापर्यंत या एकाच कारणाने साधारण ९ ते १० पास्कलचा दाबफरक निर्माण होतो, आणि वारा पडलेला असला तरी तो रात्रंदिवस टिकून राहतो. घराच्या मध्यावरच्या उंचीला हा दाब जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे मधल्या मजल्यावरच्या चार खिडक्या बुजवून जे साधत नाही, ते माळ्यावरचे एक मोठे भोक बुजवून साधते.

ही गोष्ट तज्ज्ञांच्याही उशिरा लक्षात आली. १९७०च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रत्यक्ष मोजमापे घेतली, तेव्हा माळ्यावर इन्सुलेशन (उष्णता अडवणारे आवरण) असूनही तेथून निसटणारी उष्णता हिशेबापेक्षा कित्येक पट अधिक असल्याचे आढळले. गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण शोधून काढले : धुराड्याभोवतालची मोकळी जागा, नळांच्या वाटा आणि भिंतींमधील पोकळ्या यांतून हवा इन्सुलेशनला वळसा घालून थेट माळ्यावर पोहोचत होती. आज आम्ही माळ्यावर चढलो की आधी याच वाटा शोधतो आणि मगच इन्सुलेशनची जाडी पाहतो. पिवळ्या किंवा गुलाबी काचतंतूच्या गादीवर कोठे काळपट डाग दिसला, तर त्याखाली भोक आहे असे समजावे. हवा गादीतून गाळली जाते आणि धूळ मागे राहते.

आपल्या थ्री-डेकर घरांत आणखी एक गोष्ट पाहावी. त्या काळच्या अनेक घरांत भिंतीतील उभ्या लाकडांमधली पोकळी तळघरापासून माळ्यापर्यंत सलग मोकळी असते. तळघरात उभे राहून वर विजेरीचा झोत टाकला तर ही उभी बोळकांडी दिसू शकते. तिचे खालचे तोंड कडक फोमच्या कापलेल्या तुकड्याने बंद करून कडा फवाऱ्याच्या फोमने सांधल्या, तर हवेची ही वाट बंद होते; मात्र साधा फोम आग अडवत नाही. दगडी पाया आणि त्यावर टेकलेली लाकडी तुळई यांच्या सांध्याचेही तसेच करावे. मात्र तुळई ओली किंवा कुजलेली असेल तर ती झाकू नये, आधी पाण्याचा बंदोबस्त करावा. हे काम अननुभवी माणसांना एका सकाळीत शिकवता येते.

आमच्याकडे मोजमापासाठी ब्लोअर डोअर असते. बाहेरच्या दारात पंखा बसवून घरातील हवा ५० पास्कलच्या दाबफरकापर्यंत बाहेर ओढायची आणि त्यासाठी किती हवा खेचावी लागली ते वाचायचे, अशी ती चाचणी आहे. आपल्याकडे हे यंत्र नसेल तर थंड, वाऱ्याच्या दिवशी स्वयंपाकघराचा व न्हाणीघराचा बाहेर हवा टाकणारा पंखा काही मिनिटे लावून ठेवावा आणि उदबत्तीचा धूर कोठे वळतो ते पाहावे. तेल किंवा गॅसचा बॉयलर त्या वेळी बंद ठेवावा. हे फार महत्त्वाचे आहे.

दारांच्या पट्ट्यांना मी क्षुल्लक मानत नाही. ८० इंच उंच आणि ३६ इंच रुंद दाराभोवती सर्व बाजूंनी आठवा हिस्सा इंच फट राहिली, तर तिचे क्षेत्रफळ २९ चौरस इंच होते. म्हणजे जवळजवळ साडेपाच इंच लांब-रुंद चौकोनी भोक. तळघराचे आणि माळ्याचे दार या बाबतीत मुख्य दारापेक्षाही दुर्लक्षित असते. पण क्रम माळा, तळघर, दारे आणि शेवटी खिडक्या असाच ठेवावा.

कंदील

याच राज्यातील केंब्रिजमध्ये २००८ साली ‘हीट’ नावाची ना-नफा संस्था सुरू झाली आणि तिने शेजाऱ्यांनी एकत्र येऊन इमारती घट्ट करण्याची पद्धत येथे रुजवली. शेतकरी एकमेकांची कोठारे उभारायला जमत, त्या प्रथेवरून त्या दिवसांना ‘बार्न रेझिंग’ म्हणत. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण व्हावी असेच ते चित्र असे. त्यांतील काही दिवसांत मी सहभागी होतो. (ही संस्था पुढे गॅसवाहिन्यांतील गळती आणि भूगर्भातील उष्णतेची जाळी या प्रश्नांकडे वळली, आणि फ्रेमिंगहॅममध्ये २०२४ साली सुरू झालेल्या अशा जाळ्यामागे तिच्या कल्पनेचा मोठा वाटा आहे.)

त्या अनुभवावरून सांगतो की, दिवसाचे यश आधीच्या भेटीत ठरते. एका जाणकाराने आठवडाभर आधी घर पाहून कामांची यादी, साहित्याची मापे आणि धोक्याच्या जागा लिहून ठेवाव्यात. त्या दिवशी सर्वांनी एकत्र न फिरता तीन-चार जणांचे गट करावेत, प्रत्येक गटाला एकच जागा आणि एकच प्रमुख द्यावा. प्रमुखाने स्वतः काम न करता शिकवावे, हा नियम फार उपयोगी पडतो, कारण जाणत्या माणसाला शिकाऊ हातातील कॉक-गन (फटीत सीलंट भरण्याची बंदूक) काढून घेण्याचा मोह आवरत नाही. नव्या माणसांना तळघराचा सांधा, दारांच्या पट्ट्या आणि बाहेरील भिंतींवरच्या विजेच्या बटणांच्या झाकणांमागे बसवायच्या फोमच्या चकत्या द्याव्यात. झाकण काढण्यापूर्वी त्या खोलीचा वीजप्रवाह मुख्य पेटीतून बंद करावा.

शक्य असेल तर एखाद्या परीक्षकाला विनंती करून ब्लोअर डोअरची चाचणी कामाच्या आधी आणि नंतर करून घ्यावी. आकडा खाली आलेला सर्वांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला की, पुढच्या शनिवारी माणसे गोळा करावी लागत नाहीत. आणि घरमालकाला किंवा भाडेकरूला केवळ पाहुणा म्हणून बसवू नये. ज्याच्या घरात काम चालले आहे, त्यालाही हातात पट्टी आणि कात्री द्यावी. पुढच्या वर्षी सुटलेली पट्टी तोच पुन्हा चिकटवणार आहे.

दगडफूल

मी इमारतींच्या विद्युत व सुरक्षा तपासणीच्या क्षेत्रात आहे. वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु घर घट्ट करणे म्हणजे त्यातील हवेचे मार्ग बदलणे, आणि त्यातून माणसाचा जीव जाऊ शकतो, हे स्पष्टपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिला प्रश्न ज्वलनाचा. तळघरातील जुना बॉयलर किंवा गॅसचे पाणी तापवण्याचे यंत्र धूर वर सोडण्यासाठी केवळ धुराड्याच्या नैसर्गिक ओढीवर अवलंबून असते आणि ज्वलनासाठी लागणारी हवा त्याच फटींतून घेते, ज्या आपण बुजवणार आहात. घर घट्ट झाले आणि वर स्वयंपाकघराचा मोठा पंखा चालू झाला, तर धूर उलटा घरात येऊ शकतो. म्हणूनच व्यावसायिक लोक कामाच्या आधी आणि नंतर धुराड्याची ओढ आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतात. ही मोजणी होणार नसेल, तर ज्या घरात अशी यंत्रे आहेत तेथे माळा आणि तळघर बुजवण्याचे मोठे काम हाती घेऊ नये. २००५ साली प्लिमथमध्ये बर्फाने धूर बाहेर जाण्याची वाट बुजल्यामुळे निकोल नावाच्या एका लहान मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर या राज्यात निकोलच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि २००६ पासून इंधन जाळणारी यंत्रे असलेल्या घरांत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे गजर बंधनकारक झाले. प्रत्येक मजल्यावर गजर आहे का, त्याची मुदत संपली आहे का आणि त्यात बॅटरी आहे का, हे पाहणे हे आपल्या उपक्रमाचे पहिले काम असावे. नसल्यास मंडळाच्या निधीतून तेच आधी घ्यावेत.

दुसरा प्रश्न माळ्यावरील जुन्या गोष्टींचा. राखाडी-तपकिरी, अभ्रकासारखे चमकणारे, सुट्या खड्यांचे इन्सुलेशन दिसले, तर ते व्हर्मिक्युलाइट असण्याची शक्यता असते. माँटाना राज्यातील लिबी येथील खाणीतून १९९० पर्यंत आलेल्या या खनिजात अ‍ॅस्बेस्टॉसचा अंश असे, आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटचा फार मोठा भाग याच खाणीतला होता. ते हलवू नये, झाडू नये, नमुना म्हणून मूठभर उचलूही नये; माळ्याचे दार बंद करून खाली यावे. तसेच चिनीमातीच्या गुटक्यांवरून जाणाऱ्या सुट्या जोडतारा दिसल्या, तर त्या चालू आहेत असेच समजावे. अशा तारांची उष्णता मोकळ्या हवेत जावी या हिशेबाने त्यांची रचना केलेली असते, म्हणून त्यांना इन्सुलेशनखाली गाडणे आगीला निमंत्रण ठरते. परवानाधारक विद्युततज्ज्ञाने लेखी निर्वाळा दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. धुराड्याभोवतालची जागाही फवाऱ्याच्या फोमने कधीही भरू नये. तेथे धातूचा पत्रा आणि उच्च तापमान सोसणारे सीलंट लागते.

१९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते, आणि आपली सर्व थ्री-डेकर घरे त्याआधीची आहेत. खिडकीच्या चौकटी घासल्या किंवा खरवडल्या की ती धूळ लहान मुलांच्या हातातोंडाशी जाते. घरात लहान मूल असेल तर खिडक्यांच्या चौकटींचे काम वर्ज्य समजावे.

रेडॉनबद्दल एक वाक्य : हा किरणोत्सारी वायू जमिनीतून तळघरात येतो, आणि ज्या दाबफरकाचे वर्णन ओसरी यांनी केले आहे तोच त्याला वर ओढतो. मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ हे बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, रेडॉन तळघराच्या घरांत कसा शिरतो याचे गणिती प्रारूप मांडणाऱ्यांपैकी एक होत. अमेरिकी पर्यावरण संरक्षण खात्याची कृतिमर्यादा (ज्या पातळीपासून उपाय करावा ती) प्रतिलिटर ४ पिकोक्युरी आहे. तपासणीचा संच स्वस्त असतो, तेव्हा काम झाल्यावर पुढच्या हिवाळ्यात तो अवश्य ठेवावा.

चाफा_वूस्टर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दगडफूल यांचे उत्तर मंडळाच्या सर्व सभासदांना वाचून दाखवले आणि गजर तपासण्याचे काम प्रथम घ्यायचे असे ठरले.

आता वेगळीच अडचण आहे. आमच्यापैकी दोघांनी परिसरात दारोदार जाऊन विचारले, तर बहुतेकांनी दार अर्धेच उघडले आणि नम्रपणे नकार दिला. ‘तुमचे विजेचे बिल दाखवता का, म्हणजे बचतीचा अंदाज सांगता येईल,’ असे विचारल्यावर एका गृहस्थांनी तर दार लावून घेतले. शिवाय अनेक जण भाडेकरू आहेत आणि घरमालक दुसऱ्या गावी राहतात. राज्याच्या योजनेत हेच काम जवळजवळ विनामूल्य होते असे ऐकले. तसे असेल, तर लोक ते का करून घेत नाहीत, आणि मग आमच्या उपक्रमाला काही अर्थ उरतो का?

बकुळ

आपला शेवटचा प्रश्न या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळ अंशी उपलब्ध आहे. मी ऊर्जा-धोरणाचा अभ्यास करते.

१९७३च्या तेलसंकटानंतर, १९७६ साली अमेरिकन संघराज्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे विनामूल्य घट्ट करून देणारा कार्यक्रम सुरू केला. तो आजही चालू आहे. मिशिगन राज्यात मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वोल्फ्रॅम या अर्थशास्त्रज्ञांनी या कार्यक्रमाचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पात्र कुटुंबांपैकी काहींना निवडून घरी माणसे पाठवली, वारंवार दूरध्वनी केले, अर्ज भरण्यास मदत केली. काम पूर्णतः विनामूल्य होते. तरीही या कुटुंबांपैकी सुमारे सहा टक्केच घरांचे काम झाले. ज्यांना असे प्रोत्साहन दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. शिवाय प्रत्यक्ष बचत ही अभियंत्यांच्या अंदाजाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरली. या दुसऱ्या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नये : शेजाऱ्यांना बचतीचा आकडा छातीठोकपणे सांगू नका. घर अधिक उबदार राहील आणि बिल काहीसे कमी होईल, एवढेच सांगावे, कारण तेवढेच खात्रीने खरे आहे.

याच्या उलट अनुभव ऑरेगन राज्यातील हूड रिव्हरचा आहे. तेथे १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही संघराज्याची वीजसंस्था आणि स्थानिक वीजकंपनी यांनी विजेवर तापणाऱ्या प्रत्येक घराला सर्व कामे करून देऊ केली आणि पात्र घरांपैकी सुमारे ८५ टक्के घरांनी ती करून घेतली. खर्च वीजव्यवस्थेने उचलला हे खरे, परंतु मिशिगनमध्येही काम विनामूल्यच होते. फरक असा की, हूड रिव्हर हा लहान परगणा होता, स्थानिक लोकांची समिती आरंभापासून सोबत होती आणि बातमी एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली. आपल्या अगदी जवळचे उदाहरण फिचबर्गचे आहे, वूस्टरच्या उत्तरेला. १९७९ साली त्या गिरणीगावात स्वयंसेवकांनी नागरिकांना स्वस्त साहित्याने घर घट्ट करण्याचे प्रत्यक्ष धडे दिले, साहित्य हातात ठेवले आणि निम्म्याहून अधिक घरांपर्यंत मजल मारली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, आपल्या मंडळाकडील सर्वांत मौल्यवान साधन फोमची बंदूक हे नसून शेजारीपण हे आहे. योजनेकडे पैसा, यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे आहेत. तिच्याकडे नाही तो दार उघडून घेण्याचा विश्वास.

तो विश्वास का नाही, याला कारण आहे. या राज्यात स्पर्धक वीजपुरवठादारांचे विक्रेते अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांत दारोदार फिरून ‘बिल दाखवा’ म्हणत आणि बिलावरील खातेक्रमांक घेऊन महागडे करार गळ्यात मारत. राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने २०१८ साली याविषयी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, त्यात अशा वस्त्यांतील ग्राहकांचे नुकसान अधिक झाल्याचे दाखवले आहे. ज्या गृहस्थांनी आपल्यासमोर दार लावले, त्यांनी अत्यंत शहाणपणाने वागून स्वतःचे रक्षण केले. बिल कधीही दारात मागू नका. शक्यतो दारोदार जाऊच नका. चर्च, ज्येष्ठ नागरिक केंद्र आणि ग्रंथालय येथील ओळखीच्या माणसाच्या शब्दाने जा.

आता पैशांविषयी. गॅस आणि वीज कंपन्यांच्या निधीतून चालणाऱ्या ‘मास सेव्ह’ योजनेत घराचे परीक्षण विनामूल्य होते, फटी बुजवण्याचे काम विनामूल्य होते आणि मान्य झालेल्या इन्सुलेशनच्या खर्चापैकी ७५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग योजना उचलते. ज्यांचे उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांच्या आत आहे, त्यांना काहीच द्यावे लागत नाही. वूस्टरमध्ये इंधन-साहाय्याचे आणि या कामाचे अर्ज वूस्टर कम्युनिटी अ‍ॅक्शन कौन्सिलकडे होतात. आपल्या शेजारच्या बाई बहुधा याच गटात मोडतील, आणि इंधन-साहाय्याची पात्रता मिळाली की घर घट्ट करण्याच्या कामासाठी वेगळी पात्रता सिद्ध करावी लागत नाही. श्रूजबरीसारख्या, स्वतःची नगरपालिका वीजव्यवस्था असलेल्या गावांत मात्र नियम वेगळे पडतात. आपल्या मंडळाचे काही सभासद तेथे राहत असतील, तर त्यांनी आधी स्वतःच्या गावाच्या वीजविभागाकडे चौकशी करावी.

अर्ज आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये माणसे गळतात. उत्पन्नाचे कागद गोळा होत नाहीत, परीक्षकाच्या भेटीची वेळ चुकते, कंत्राटदार सांगतो की माळ्यावरचे सामान हलवा आणि मगच बोलवा, आणि ऐंशी वर्षांच्या बाईंना ते हलवता येत नाही. तिथे प्रकरण थांबते ते कायमचे. यातील प्रत्येक अडथळा दोन धडधाकट शेजारी एका दुपारी दूर करू शकतात.

भाडेकरूंना घरमालकाच्या संमतीशिवाय मोठे काम करता येत नाही, पण घरमालकाला पत्र लिहायला आपण मदत करू शकता. इंधनाचे बिल भाडेकरू भरतो म्हणून मालकाला निकड वाटत नाही. म्हणून पत्रात बचतीपेक्षा छतावर साचणाऱ्या बर्फाच्या कडांचा, त्यामुळे आत झिरपणाऱ्या पाण्याचा आणि मालकाला जवळपास काहीही खर्च करावा लागत नाही याचा उल्लेख ठळक करावा. माळ्यातून निसटणारी उष्णताच छतावरचा बर्फ वितळवते आणि तो कडेला जाऊन पुन्हा गोठतो. ते नुकसान मालकाच्या खिशातले असते.

ओसरी

बकुळ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. माळा आणि तळघर हे जर योजनेतून व्यावसायिकांकडून, ज्वलनाच्या तपासणीसह होणार असेल, तर माझ्या पहिल्या उत्तरातील ते काम स्वयंसेवकांनी करूच नये. परंतु हातकाम सोडून केवळ कागदपत्रे करावीत, असा अर्थ कोणी घेऊ नये. योजना खिडक्यांना सहसा हात लावत नाही, भाडेकरूंच्या बाबतीत संमतीला महिने लागतात, आणि तोवर हिवाळा थांबत नाही.

त्यासाठी मेन राज्यातील रॉकलंड येथून सुरू झालेल्या ‘विंडोड्रेसर्स’ या संस्थेची पद्धत पाहावी. स्वयंसेवक एकत्र जमून प्रत्येक खिडकीच्या मापाची पाइन लाकडाची हलकी चौकट बनवतात, तिच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचे पडदे ताणून बसवतात आणि कडेला फोमची पट्टी लावतात. ही चौकट आतून खिडकीत नुसती दाबून बसते. खिळा नाही, गोंद नाही, रंगाला धक्का नाही, म्हणून शिशाचा प्रश्न फारसा येत नाही आणि भाडेकरू घर सोडताना ती काढून ठेवू शकतो. ज्यांना परवडत नाही त्यांना त्या विनामूल्य मिळतात. मात्र मोजमाप काटेकोर हवे. जुन्या घरांच्या खिडक्या क्वचितच काटकोनात असतात, तेव्हा रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी.

एक आपल्या स्वयंपाकघरांविषयी : आपण स्वतःच्या घरातही हे काम करून घेणार असाल, तर चुलीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो की गाळून पुन्हा आतच सोडतो, ते पाहा. रोजची फोडणी आणि कुकरची वाफ यांना घट्ट केलेल्या घरात बाहेर जायला वाट लागते, नाही तर खिडक्यांवर पाणी आणि कोपऱ्यांत बुरशी येते.

दगडफूल

कायद्याविषयी थोडक्यात. १९९७ च्या संघराज्य कायद्यानुसार ना-नफा संस्थेसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकाला साध्या निष्काळजीपणाबद्दल वैयक्तिक जबाबदारीपासून बरेच संरक्षण मिळते, पण खुद्द संस्थेला ते मिळत नाही. मंडळ नोंदणीकृत असेल तर त्याच्या विमा प्रतिनिधीला लेखी विचारा, आणि प्रत्येक घरासाठी काय करणार व काय करणार नाही, हे लिहून त्यावर रहिवाशाची सही घ्या. मंडळ नोंदणीकृत नसेल, तर अशा नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करणे अधिक सुरक्षित आहे.

चाफा_वूस्टर

या चर्चेनंतर आम्ही बेत बदलला आहे. माळा आणि तळघर बुजवण्याचे काम स्वतः न करता योजनेकडे सोपवायचे. आपण कागदपत्रे, परीक्षणाच्या वेळी सोबत, सामान हलवणे, गजर आणि खिडक्यांच्या चौकटी एवढे घ्यायचे. दारोदार जाणे बंद केले आहे. जवळच्या चर्चच्या धर्मगुरूंना भेटलो. त्यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर बोलण्यास वेळ दिला आणि शेजारच्या बाईही त्याच चर्चला जातात असे कळले. त्यांनी धर्मगुरूंसमोर बसून आमच्या दोन सभासदांसह इंधन-साहाय्याचा अर्ज भरला. त्यांच्या माळ्यावर आम्ही कोणी चढलेलो नाही, पण माळ्याच्या दारातून पाहिले असता चिनीमातीचे गुटके दिसतात. तेव्हा परवानाधारक विद्युततज्ज्ञाचा निर्वाळा लागेल, आणि त्याचा खर्च योजनेत बसतो का, याची चौकशी चालू आहे. बसला नाही तर मंडळाचा निधी आधी तिकडे वळवू.

वूस्टर, श्रूजबरी किंवा वेस्टबरोच्या बाजूने कोणी मदतीला येऊ शकत असेल तर निरोप पाठवावा. काटकोनी लाकूड कापता येणाऱ्या एखाद्या माणसाची विशेष गरज आहे; मोजमापे घेणारे पुरेसे झाले आहेत. चौकटी बनवण्यासाठी चर्चचे तळमजल्यावरील सभागृह ऑक्टोबरच्या शनिवारी सकाळी नऊपासून मिळणार आहे. स्पॅनिश किंवा व्हिएतनामी येणारे कोणी ओळखीचे असतील तर तेही कळवावे, कारण पुढच्या रांगेतील तीन घरांत अर्ज समजावून सांगण्यासाठी त्या भाषांची गरज लागणार आहे.